पार्श्वभूमी : सोव्हिएत काळातील संस्कारपट आणि लांडग्याची सिगारेट

तोंड धुवा, दात घासा, लस टोचून घ्या, गृहपाठ वेळेवर करा, हे मुलांना पडद्यावरून सांगण्याची सोव्हिएत रशियातील परंपरा मुळात साथरोगांच्या भीतीतून जन्मली. यादवी युद्धाच्या वर्षांत उवांमधून पसरणाऱ्या टायफसने लाखो माणसे आजारी पडत होती, आणि १९१९ च्या डिसेंबरात क्रांतीचे सर्वोच्च नेते लेनिन यांनी भर सभेत सांगितले होते की, एक तर उवा समाजवादाला हरवतील, नाही तर समाजवाद उवांना. साबण आणि पाणी हा त्यामुळे घरगुती विषय उरला नाही, तो सरकारी कार्यक्रम झाला.

याच वातावरणात १९२३ साली कवी कॉर्नेई चुकोव्स्की यांची 'मोयदोदीर' ही दीर्घ बालकविता प्रसिद्ध झाली. मळक्या मुलाची चादर उडून जाते, उशी बेडकासारखी टुणटुण उड्या मारत पळते आणि आईच्या खोलीतून हात-तोंड धुण्याचे फेंगडे, लंगडे तस्त डोके हलवत बाहेर येऊन त्याला फैलावर घेते. मुलगा पीटर्सबर्गच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवरून धावत सुटतो, अंग घासायचा स्पंज त्याच्या मागे लागतो, तो स्पंज वाटेत भेटलेली मगर गिळून टाकते आणि वर मुलालाच दम भरते. तोंड धुऊन झाल्यावर मात्र विजार आपणहून हातात येते आणि सँडविच उडी मारून थेट तोंडात. पहिल्या आवृत्तीवर 'मुलांसाठी सिनेमॅटोग्राफ' असे उपशीर्षक छापलेले होते, म्हणजे ही कविता पडद्याची वाट पाहतच लिहिली गेली होती, असे म्हणायला हरकत नाही.

तिच्या वाट्याला आलेला विरोध थोडक्यात सांगायला हवा, कारण पुढे येणाऱ्या वादाशी त्याचे नाते आहे. कवितेत अस्वच्छ धुराडे-सफाई कामगारांचा धिक्कार करणारी एक ओळ होती आणि ती कष्टकऱ्यांचा अपमान करते, असा आक्षेप घेतला गेला. १९२८ च्या फेब्रुवारीत या कवीच्या दुसऱ्या एका बालकाव्यावर पक्षाच्या मुखपत्रातून टीका झाली, टीका करणाऱ्या बाई दिवंगत लेनिन यांच्या पत्नी होत्या, आणि त्यानंतर काही काळ या कवीची पुस्तके छापून येणेच अवघड झाले. तरीही १९३६ साली मॉस्कोत स्थापन झालेल्या सरकारी ॲनिमेशन स्टुडिओने १९३९ मध्ये याच 'मोयदोदीर'वर चित्रपट काढला आणि १९५४ मध्ये त्याच दिग्दर्शकाकडून तो पुन्हा नव्याने करून घेतला.

या परंपरेचा खरा बहर साठच्या दशकातला. १९६२ च्या 'राणी दातांचा ब्रश'मध्ये विषय अजून अंघोळ आणि दात घासण्याचाच होता. १९६६ मध्ये लसीला घाबरणारा पाणघोडा आला. तो आधी फुशारकी मारतो, रांगेत उभे राहिल्यावर पळ काढतो आणि अखेर कावीळ होऊन पिवळा पडतो. लसीकरणाबद्दल इतका नेमका आणि इतका हसवणारा सरकारी प्रचार दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

१९६५ च्या 'वोव्का'ने ही शैली एक पायरी वर नेली. आळशी वोव्का परीकथांच्या राज्यात जातो, तिथे त्याला सगळी कामे करून देणारे दोन नोकर मिळतात, पण ते त्याच्या वाटची मिठाईसुद्धा स्वतःच खाऊन टाकतात. स्वतः काही करायची वेळ आली की वोव्काचे पालुपद असते, 'तसंच चालेल की!' या चित्रपटाबद्दल रशियन प्रेक्षकांना आज काय आठवते, तर वोव्काने शेवटी शिकलेली सुतारकी नव्हे, हे पालुपदच. १९६९ च्या 'न शिकलेल्या धड्यांच्या देशा'तही तेच. गणिताचे उत्तर चुकल्यामुळे मुलासमोर दीड खोदकामगार उभा राहतो आणि एक स्वल्पविराम कुठे टाकायचा यावर त्याला फाशी की माफी हे ठरते. मॉस्कोहून येणारी स्वस्त, देखणी, मराठीत भाषांतरित बालपुस्तके ज्यांनी लहानपणी वाचली आहेत, त्यांना हा सूर परका वाटणार नाही. १९६४ पासून टीव्हीवर रोज रात्री झोपण्यापूर्वीचा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला होता, त्यात एक ॲनिमेशनपट दाखवला जाई आणि मग मुलांनी अंथरुणात शिरायचे, अशी अपेक्षा असे. दिनचर्या शिकवणारे चित्रपट अशा रीतीने स्वतःच दिनचर्येचा भाग झाले.

'नू, पगदी!', म्हणजे 'थांब, बघतोच तुला!', ही लांडगा-सशाची मालिकाही १९६९ चीच. १९८६ पर्यंत तिचे १६ भाग निघाले. तिला रूढ अर्थाने संस्कारपट म्हणता येणार नाही, पण सोव्हिएत संस्कारपटांविषयीचा सर्वांत मोठा वाद तिच्याभोवतीच झाला. पहिल्या भागात बाल्कनीतल्या सशाला पकडण्यासाठी लांडगा दोरीवरून वर चढतो, ससा शांतपणे कात्रीने दोरी कापतो आणि लांडगा पोलिसांच्या मोटारसायकलवर जाऊन आदळतो. हा लांडगा सिगारेट ओढतो, उनाडक्या करतो, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करतो आणि दर वेळी तोंडावर आपटतो.

बालकांना हानिकारक माहितीपासून संरक्षण देणारा रशियन कायदा २०१० च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि १ सप्टेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याने प्रत्येक कलाकृतीवर ० ते १८ पर्यंतची वयोमर्यादा छापणे बंधनकारक केले आणि मुलांसाठी निषिद्ध ठरलेले कार्यक्रम पहाटे ४ ते रात्री ११ या वेळेत दाखवण्यास मनाई केली. कायदा लागू होण्याच्या तोंडावर सरकारी टीव्हीच्या बालविभागातील एका जबाबदार व्यक्तीच्या बोलण्यावरून बातमी पसरली की, लांडगा धूम्रपान करत असल्यामुळे ही मालिका यापुढे रात्री ११ नंतरच दाखवावी लागेल. आजी-आजोबांपासून राजकारण्यांपर्यंत सगळे खवळले, तेव्हा असा कोणताही विचार नसल्याचा खुलासा करण्यात आला. वास्तविक त्या कायद्यातच पळवाट नव्हे, तर सरळ दार होते : समाजाच्या दृष्टीने मोठे ऐतिहासिक, कलात्मक किंवा सांस्कृतिक मूल्य असलेल्या कलाकृतींना तो लागू होत नाही. पण असे मूल्य कोणाच्या शिक्क्याने सिद्ध व्हायचे, हे स्पष्ट नसल्यामुळे सावध अधिकाऱ्याने कात्री किंवा घड्याळ हाती घेणे स्वाभाविक होते.

मालिकेच्या समर्थकांनी तेव्हा एक सोपा युक्तिवाद केला : सिगारेट खलनायकाच्या हातात आहे, म्हणजे ती वाईटच ठरते. लांडग्यापुरते हे खरे आहे. पण या लांडग्याबरोबरच १९६९ मध्ये पडद्यावर आलेला गेना नावाचा मगर सज्जन, एकटा, मित्रांचे घर बांधणारा आहे, आणि तो पाइप ओढतो. त्या पिढीच्या कलाकारांना धूर हे व्यक्तिचित्रणाचे साधन वाटत होते, संस्काराचा मुद्दा वाटतच नव्हता, हे मान्य केल्याशिवाय या वादाचा उलगडा होत नाही. आक्षेप घेणाऱ्यांची चूक वेगळी होती. १९२० च्या दशकात कवितेतली एक ओळ सुटी काढून तपासली गेली, २०१२ मध्ये चित्रपटातली एक चौकट. त्या ओळीच्या किंवा चौकटीच्या पुढे काय घडते, हे दोन्ही वेळा नजरेआड राहिले.

मधल्या काळात या चित्रपटांच्या मालकीचाही मोठा गुंता झाला होता. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर स्टुडिओच्या संग्रहाचे परदेशातील हक्क १९९२ मध्ये एका अमेरिकी कंपनीकडे गेले, त्यावरून वर्षानुवर्षे खटले चालले आणि २००७ मध्ये एका रशियन उद्योगपतीने ते विकत घेऊन सरकारी बालवाहिनीला दिले. लांडग्याची सिगारेट रात्री दाखवायची की दिवसा, हा प्रश्न सरकारी टीव्हीसमोर आला तो त्यानंतर पाचच वर्षांनी.

२०१३ च्या तंबाखूविरोधी कायद्याने तोडगा काढला, पण फक्त पुढच्यासाठी : मुलांकरिता नव्याने तयार होणाऱ्या चित्रपटांत तंबाखू दाखवायची नाही. २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या मालिकेच्या नव्या आवृत्तीतला लांडगा त्यामुळे सिगारेट ओढत नाही, आणि १९६९ चा लांडगा कायद्याचा भंग न करता ओढतच आहे.