कासवाच्या पोटातून उगवणारं जंगल

मॉरिशस म्हटलं की तिथला नामशेष झालेला पक्षी डोडो आठवतो. पण तिथल्या जंगलाला डोडोपेक्षा जास्त चटका कासवं गेल्याने बसला असावा, असं मला वाटतं. या बेटावर महाकाय कासवांच्या दोन जाती होत्या. कित्येक आठवडे अन्नपाण्याविना तग धरणारी ही कासवं जहाजात जिवंत भरून नेता येत. खलाशांची ताज्या मांसाची सोय व्हायची. माणसासोबत आलेल्या उंदरांनी आणि डुकरांनी अंडी-पिल्लं फस्त केली. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही जाती संपल्या.

बेटावर हरणं, गवे, हत्ती असलं काही मुळात नव्हतंच. गवत चरायचं, पडलेली फळं खायची आणि बिया दूर नेऊन टाकायच्या, ही सगळी कामं कासवांकडे होती. कासवं गेली, झाडं तेवढी मागे राहिली.

याचा परिणाम पाहायचा तर माहेबूर गावासमोरच्या इल-ओ-झेग्रेत या जेमतेम २६ हेक्टरच्या प्रवाळी बेटावर जावं. इथे एबनीची झाडं आहेत, आपल्या टेंभुर्णीच्या गोत्रातली. लाकूडतोडीने त्यांची पार वाताहत झाली होती. तोड थांबली, तरी ज्या भागातून एबनी साफ झाली होती तिथे ती परतेना. फळ चांगलं मोठं आणि जड. ते आईच्या सावलीतच पडायचं, तिथेच कुजायचं. रोप आलंच तर गर्दीत आणि सावलीत मरायचं. बी उचलून नेणारं कुणी उरलंच नव्हतं.

२००० साली तिथे सेशेल्सच्या आल्डाब्रा बेटाची कासवं आणून ठेवली गेली. नराचं वजन २०० किलोंच्याही वर जाऊ शकतं. (ही जात टिकावी म्हणून १८७४मध्ये मॉरिशसच्या गव्हर्नरला जे पत्र गेलं, त्यावर चार्ल्स डार्विनचीही सही होती.) परकी जात मुद्दाम आणणं म्हणजे संवर्धनाच्या सोवळ्यात न बसणारी गोष्ट. पण इथे कासवाची जात नव्हे, त्याचं काम परत आणायचं होतं. कासवांनी एबनीची फळं आवडीने खाल्ली. त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया न खाल्लेल्या बियांपेक्षा चांगल्या रुजल्या, आणि जिथे एबनी उरली नव्हती तिथेही रोपं दिसू लागली.

मला त्याहून मजेशीर वाटतं ते चरण्याचं. स्थानिक वनस्पती हजारो वर्षं कासवांच्या तोंडासमोर वाढल्या, त्यामुळे त्यांच्यापैकी अनेकींनी बचावाच्या युक्त्या शोधल्या: काहींची कोवळेपणीची पानं मोठ्या झाडाच्या पानांहून अगदी वेगळी असतात. बाहेरून आलेल्या तणांपाशी ही शिदोरी नाही. साहजिकच कासवं तणांवर जास्त ताव मारतात. उत्तरेच्या राउंड आयलंडवर शेळ्या आणि सशांनी माती उघडी पाडली होती. १९८६पर्यंत दोन्ही हटवले गेले, आणि २००७मध्ये तिथेही कासवं सोडली.

अर्थात अशा गोष्टी फार नेटक्या सांगण्याचा मोह टाळलेला बरा. डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय तांबालाकोक नावाच्या झाडाचं बी रुजतच नाही, असा दावा १९७७मध्ये झाला आणि जगभर गाजला. पुढे डोडोनंतर उगवलेली झाडं सापडली. दावा बारगळला, गोष्ट मात्र अजून फिरते.

मुख्य बेटावर कासवं सोडून भागणार नाही. तिथलं बरंचसं जंगल उसाखाली गेलं. गिरमिट (मजुरीचा करार) करून मुंबई बंदरातून नेलेल्या मजुरांमध्ये आपली कोकणी माणसंही होती; ती याच उसात राबली. चांगल्या प्रतीचं मूळ जंगल आज २ टक्क्यांहूनही कमी आहे. जे उरलंय त्यात ब्राझीलकडून आलेला छोटा लाल पेरू असा माजलाय की स्थानिक रोपांना डोकं वर काढता येत नाही. लोक तो हौसेने तोडून खातात, माकडं आणि डुकरं त्याच्या बिया पसरवतात. म्हणून कुंपण घालून, हाताने तण उपटून जंगलाचे तुकडे जपावे लागतात.

या जंगलात मोठ्या बिया वाहून नेणारा एक मूळचा प्राणी अजून शाबूत आहे: मॉरिशसचं फलाहारी वटवाघूळ. एका रात्रीत ते दूरवर उडतं, म्हणजे बियाही दूर जातात. पण त्याला लिची आणि आंबाही आवडतो. बागायतदार चिडले, आणि सरकारने २०१५ व २०१६मध्ये मिळून ३८ हजारांहून अधिक वटवाघळं मारली. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, तेव्हा भरपाई किती सावकाश होणार हे उघड आहे. २०१८मध्ये ही जात ‘संकटग्रस्त’ ठरली. एकीकडे बिया पेरायला सेशेल्सची कासवं आणायची आणि दुसरीकडे घरच्याच पेरणाऱ्याला गोळ्या घालायच्या, हे मला तरी समजत नाही.

बागायतदाराचं नुकसान खोटं नाही. पण फळं उंदीर आणि पक्षीही खातात, काही वाऱ्याने गळतात, आणि आळ सगळा वटवाघळांवर येतो. झाडावर जाळी टाकणं हा उपाय चालतो, त्यासाठी सरकारी अनुदानही मिळालं आहे. अडचण परसातल्या जुन्या, उंच वाढलेल्या लिचीची. तिच्यावर जाळी चढतच नाही. आधी झाड छाटून बुटकं करावं लागतं, आणि एखाद-दोन हंगाम फळ कमी येईल हे मालकाला सोसावं लागतं.