मंदीत सरकारनेही हात आखडावा?

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा घराचा नियम वाईट दिवसांत सरकारलाही लावावा, असं मत वर्षानुवर्षं फिरतं आहे. सरकारच्या बाबतीत ते चुकीचं आहे. घराने खर्च कापला तर पगार तेवढाच राहतो. सरकारने कापला की लोकांची कमाई घटते आणि पाठोपाठ करही घटतो.

मार्च 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी पुन्हा बंद पडल्या. डिचोली-सांग्यातले ट्रकमालक, गॅरेजवाले, खाणावळवाले सगळ्यांनीच हात आखडला. अशा वेळी सरकारही मागे सरलं तर खर्च करणार कोण?

मात्र खर्च कशावर, हे फार महत्त्वाचं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधाची दुरुस्ती घ्या: चिखल तिथलाच, मजूर गावचे. समजा 100 रुपये मजुरी गेली आणि प्रत्येक हाताने निम्मे गोव्यातच खर्चले, तर 100, 50, 25 असं करत एकूण कमाई 200 च्या आसपास जाते. तेच 100 रुपये यंत्रांवर घातले आणि 80 राज्याबाहेर गेले, तर इथे उरलेले 20 तसेच फिरूनही जेमतेम 40.

वेळही साधावी लागते. कार्यादेश मे महिन्यात निघाला की जूनचा पाऊस काम अडवतो, पैसा ऑक्टोबरपर्यंत अडकतो. त्याआधी कंत्राटदारांची थकलेली बिलं चुकती करणं हा सगळ्यात जलद उपाय.

मर्यादा आहेच. राज्याला नोटा छापता येत नाहीत. कर्जाची मर्यादा केंद्र ठरवतं. 2020-21 मध्ये ती राज्यातल्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या 3 वरून 5 टक्क्यांपर्यंत वाढवली होती, तीही बरीचशी अटींवर.