देवनागरी फॉन्ट म्हणजे हजार जोडाक्षरं?

‘देवनागरी फॉन्टसाठी हजारभर जोडाक्षरं एकेक काढावी लागतात, हौशी माणसाचं ते काम नाही,’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. भीती समजण्यासारखी आहे. पण युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) मूळ देवनागरी तक्त्यात जागाच 128, आणि जोडाक्षरांना त्यात स्वतंत्र जागा नाही; ती सुट्या अक्षरांपासून जुळतात. ‘क्ष’ टाइप करून एकदा बॅकस्पेस दाबा: बहुतेक ठिकाणी ‘ष’ जातो, पाय मोडका ‘क्’ उरतो.

स्त, न्य, व्ह यांसाठी काना वगळलेले अर्धे स, न, व एकदाच काढायचे. रफार, क्ष, ज्ञ मात्र वेगळे. ‘द्ध’ची जोडणी दिलीच नाही, तर हलन्त (पाय मोडल्याची खूण) दिसतो, वाचता येतं.

नाशकात रविवार कारंज्यावरून आलेखवही आणून मी एकेक अक्षर 16 बाय 16 घरांच्या चौकटीत काढायला सुरुवात केली. खरी डोकेदुखी शिरोरेघ! ती कडेपर्यंत भरली नाही, की ‘नाशिक’चे तुकडे पडतात.