क्यूचं बटण येडं नाही, त्याची घराणी वेगळी आहेत

गणपती जवळ आले की कोल्हापुरात आमच्या उद्यमनगरातल्या डीजे मशीन दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार वेगवेगळ्या पिशव्यांतनं बाहेर पडते. "दादा, क्यूचं बटण येड्यागत करतंय." पोरगं लॅपटॉप जोडतं, बटण दाबून दाखवतं आणि नेमकं तेव्हाच ते गुणी बाळागत चालतं. मग सांगायला लागतं की काल रात्री गाणं आपोआप मागं पळालं, लूप, म्हणजे घोळत ठेवलेला तुकडा, सुटायचा तो सुटलाच नाही, क्यू, म्हणजे परत यायची खूण, लावलेला हलगीच्या उठावावर आणि वाजलं थेट सुरुवातीपासनं. मी पहिलं विचारतो, मशीन तुझं का भाड्याचं, आणि तू शिकलास कशावर? कारण लै वेळा दुखणं बटणात नसतंच. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात घराणं म्हणजे काय हे सांगायला नको, राग तोच पण उचल वेगळी. इथंही तसंच आहे, वर नाव 'क्यू'च छापलेलं, पण दाबल्यावर काय करायचं हे प्रत्येक घराण्यानं आपापलं ठरवलंय आणि कुणी कुणाला विचारलेलं नाही.

मुळात 'क्यू' हा शब्दच डीजेवाल्यांचा नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात तालमी केलेल्या कुणालाही विचारा, क्यू म्हणजे समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द, तो पडला की तू आत यायचं. पुढं रेडिओवाल्यांनी हाच शब्द तबकडीला लावला, म्हणजे गाणं जिथनं सुरू होतं तिथं सुई आणून ठेवायची आणि निवेदकाचं बोलणं संपलं की सोडायची, याला क्यू करणं म्हणायचे. टर्नटेबलच्या दांडीला वरखाली करणारी जी छोटी कळ असते तिलाही क्यू लिव्हरच म्हणतात, आणि तिचा गाण्यातल्या जागेशी तसा काही संबंध नाही, ती फक्त सुई अलगद उचलते.

मग आला मिक्सर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या क्लबांत अॅलेक्स रॉसनर सारख्या साउंड इंजिनिअरांनी असे मिक्सर बांधले की एक तबकडी लोकांना ऐकू जाते आणि दुसरी फक्त डीजेच्या हेडफोनमधे. त्या हेडफोनच्या बटणालाही नाव पडलं क्यू. न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातल्या डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशनं तर स्वतःच जुळणी करून असला स्विच बसवला होता, पोरगा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता त्यामुळं. आजही मिक्सरवर चॅनलखाली जे क्यू असतं ते हेच, आणि नवीन पोरं हमखास इथं गोंधळतात, कारण एकाच टेबलावर दोन क्यू, एक ऐकण्याचं आणि एक जागेवर जाण्याचं.

आणि आपल्या पिढीनं पाहिलेला क्यू तर अजूनच तिसरा. घरातला जुना टेपरेकॉर्डर आठवा, पुढं पळवायच्या बटणावर एफएफच्या शेजारी बारीक अक्षरात क्यू लिहिलेलं असायचं, मागं नेणाऱ्यावर रिव्ह्यू. कॅसेट चालू असताना ते दाबून धरलं की चिमण्या चिवचिवल्यागत आवाज करत गाणं पुढं पळायचं आणि आपण कानानं जागा शोधायचो. म्हणजे सीडी यायच्या आधीच या एवढ्याशा शब्दाच्या डोक्यावर इतकी ओझी होती.

खरी फाटाफूट सीडीपासनं झाली. तबकडीवर जागा डोळ्याला दिसते, खडूनं खूण करता येते, हात ठेवून थांबवता येतं. टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलवर, जी १९७२ ला आली आणि जिचा दुसरा अवतार १९७९ पासनं क्लबांत गाजला, तिथं एकच स्टार्ट-स्टॉप बटण, बाकी सगळं हाताचं काम. सीडीत हात घालायला जागाच नाही. मशीनलाच जागा लक्षात ठेवायला लावायची, आणि परत तिथनं सोडताना लेसर शोधत बसायला नको म्हणून तेवढा तुकडा मेमरीत धरून ठेवायचा. सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. गाणं थांबवून जॉग व्हील, म्हणजे मशीनवरचं गोल चाक, सावकाश फिरवलं की एवढासा तुकडा टर्रर्र टर्रर्र करत घोळत राहायचा आणि ढोलाचा पहिला ठोका त्या टर्रर्रमधनं हुडकायचा, ज्यांनी हे केलंय त्यांना तो आवाज अजून कानात असेल. बरं, जागा सापडली. आता मशीनला कसं सांगायचं की हीच ती?

इथं दोन घराणी झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रॅकमधे बसणारे डेनॉन कंपनीचे जोडी-प्लेअर आले, आणि १९९४ ला पायोनियरचा सीडीजे-५००, टेबलावर आडवा ठेवायचा. डेनॉनच्या पद्धतीत थांबलेलं गाणं प्ले दाबून जिथनं सुरू केलं तीच जागा क्यू म्हणून आपोआप लिहिली जाते. क्यू दाबलं की तिथं परत, मग गाणं चालू असो का थांबलेलं. पायोनियरच्या पद्धतीत प्ले काहीच लिहीत नाही, गाणं थांबवून जागेवर आणून क्यू दाबायचं तेव्हा ती लिहिली जाते. चालू गाण्यात दाबलं तर मागं जाऊन थांबतं, आणि क्यूच्या जागेवर थांबलेलं असताना दाबून धरलं तर हात काढेपर्यंत वाजतं.

वाचताना फरक बारीक वाटतो, पण एक प्रसंग बघा. गाणं मधेच थांबवलंय आणि आता परत मागच्या क्यूवर जायचंय. डेनॉनवाला क्यू दाबतो आणि मागं जातो. पायोनियरवर तेच बटण दाबलं तर मागं जाणं राहिलं बाजूला, जुनी जागा पुसून तू जिथं थांबलायस ती नवीन म्हणून लिहिली जाते. एकच बटण, एकच हेतू, आणि काम बरोबर उलटं.

हे मला पुस्तकातनं नाही कळलं. मिरवणुकीत महाद्वार रोडवरनं पापाच्या तिकटीकडं जाताना पुढचं मंडळ अडलं म्हणून मी गाणं थांबवलं होतं, प्लेअर त्या रात्रीपुरता भाड्यानं आणलेला, माझा हात दुसऱ्या पद्धतीवर बसलेला. वाट मोकळी झाली, अध्यक्षांनी हात वर केला, मी उठावावर जायचं म्हणून ऐटीत क्यू दाबला, प्ले दाबला आणि उठाव राहिला बाजूला, गायकाच्या अर्ध्या शब्दातनं गाणं सुरू झालं. ट्रॉलीपुढं हात वर करून उभी असलेली शंभर-दीडशे पोरं तशीच एकमेकांकडं बघायला लागली. मशीनची काडीचीही चूक नव्हती, पण शिव्या त्यालाच घातल्या.

(तसं आपल्याकडं ट्रॉलीवरच्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात त्याचीही एक गंमतच आहे, रे डॉल्बीनं १९६५ ला कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करायला. आवाज घालवणाऱ्याचं नाव आपण आवाज करणाऱ्याला देऊन टाकलं.)

लूपची कथा जरा वेगळी आहे. हा शब्द फिल्मवाल्यांचा, आणि सिनेमाच्या या गावात जुन्या लोकांना तो डबिंगमुळं माहिती असतो. सीनच्या तुकड्याची दोन टोकं चिकटवायची, म्हणजे पट्टी गोल फिरत राहते आणि नट तेच वाक्य ओठांशी जुळेपर्यंत म्हणत राहतो. तबकडीवर हीच गोष्ट पॅरिसमधे प्येर शेफेर नावाच्या संगीतकारानं १९४८ ला केली, खाच पुढं न जाता स्वतःलाच येऊन मिळेल अशी बंद कापली की सुई तिथंच फिरत बसते. ३३⅓ आरपीएमची तबकडी एक फेरा १.८ सेकंदात मारते, म्हणजे त्यात चार ठोके बसवायचे तर वेग १३३.३ बीपीएमच, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके, येणार. लूपची लांबी तिथं यंत्र ठरवत होतं, माणसाला त्यात बोलायला जागा नव्हती. ब्रॉन्क्समधे डीजे कूल हर्क आणि फ्लॅशनं मग एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून ढोलाचा तुकडा हातानंच पुन्हा पुन्हा फिरवला, इकडची संपेपर्यंत तिकडची मागं आणायची.

सीडी प्लेअरवर लूप इन, लूप आउट आणि रीलूप-एक्झिट ही तीन बटणं आली आणि त्यांच्याबरोबर सगळ्यात मोठी गोम आली. पायोनियरच्या सीडीजेंवर इन बटणाचं दुसरं नाव रिअल टाइम क्यू. म्हणजे चालू गाण्यात इन दाबलं की लूपची सुरुवात तर लागतेच, पण तुझा क्यूसुद्धा तिथंच सरकतो. ज्याला हे माहिती त्याला सोय, चालता चालता क्यू लागतो. ज्याला नाही तो म्हणणार, लूप मारला आणि क्यू गायब झाला, मशीन खराब. लॅपटॉपच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमधे मात्र लूप आणि क्यू वेगळे ठेवले, एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही. त्यामुळं लॅपटॉपवर शिकलेला पोरगा मोठ्या प्लेअरवर गेला की पहिल्याच रात्री क्यू हरवून बसतो.

रीलूप-एक्झिटही तसलंच दुतोंडी. लूप चालू असला तर बाहेर काढतं, नसला तर मागच्या लूपवर उडी मारतं. घाईत दोनदा बोट पडलं की बाहेर येऊन परत आत.

२००१ ला सीडीजे-१००० आला आणि जॉगला तबकडीसारखा स्पर्श आला, ए, बी, सी असे तीन हॉट क्यूही, म्हणजे दाबल्या दाबल्या तिथनं वाजणाऱ्या खुणा, आल्या. त्याच सुमाराला फायनल स्क्रॅच, मग २००४ ला सेराटो, अशा सॉफ्टवेअरनी लॅपटॉप मधे आणला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे आज गल्लोगल्ली दिसणारा, लॅपटॉपला जोडायचा बटणांचा कंट्रोलर. इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे, कंट्रोलरवरच्या क्यू बटणाला आपण क्यू आहोत हेच माहिती नसतं. १९८३ ला ठरलेल्या मिडी नावाच्या भाषेत ते फक्त एवढंच सांगतं की अमुक नंबरची कळ दाबली, अमुक नंबरची सोडली. पुढचं सगळं सॉफ्टवेअर ठरवतं. तेच मशीन एका लॅपटॉपला लावलं की एक वागणूक, दुसऱ्याला लावलं की दुसरी, आणि कोणत्या कळेनं काय करायचं हे सांगणारी मॅपिंगची फाइल कुणीतरी मित्राकडनं पेनड्राइव्हवर आणलेली असली तर देवच जाणे. मिक्स नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधे तर सेटिंगला क्यू मोडची यादीच आहे, पायोनियर, डेनॉन, नुमार्क, कप अशी. ती यादी बघितली तेव्हा मला लै हायसं वाटलं, कुणीतरी निदान कबूल तरी केलं की भांडण आहे. कप म्हणजे क्यू आणि प्ले एकत्र, दाबलं की क्यूवर जाऊन थांबतं, बोट सोडलं की सुटतं. हे माहिती नसताना कुणी हात लावला तर घाबरायचंच.

ऑटो लूप (एका बटणात ठराविक ठोक्यांचा लूप) आणि क्वांटाइझ (बोट कुठंही पडलं तरी जवळच्या ठोक्यावर नेणारी सोय) आल्यावर अजून एक घोळ वाढला आणि तो आपल्या संगीताशी जास्त जोडलेला आहे. ऑटो लूपचं चार ठोक्यांचं बटण मशीनच्या बीटग्रीडवर चालतं, म्हणजे बहुतेक वेळा गाण्याचा वेग पहिल्यापासनं शेवटपर्यंत एकच आहे असं धरून आखलेल्या रेघा. क्लबच्या गाण्यांना हे ठीक, ती कॉम्प्युटरवरच बनतात. पण हलगी-घुमकं-कैताळ लाइव्ह रेकॉर्ड केलेलं असलं, लेझीम असली, किंवा जुनं गाणं असलं, तर वाजवणारा रंगात आला की वेग चढतोच, चढायलाच पाहिजे. ग्रीड १२० वर आखलेला आणि तिथं वाजणारा १२२ वर, तर चार ठोके खरे १.९६७ सेकंदात संपतात आणि मशीन २ सेकंदांनी परत फिरतं. प्रत्येक फेऱ्याला ३३ मिलिसेकंदांची ठेच. आकडा किरकोळ दिसतो पण पाय थिरकत असलेल्या माणसाला ती लगेच लागते. शिवाय तीन मिनिटांत रेघ अर्धा ठोका सरकलेली असली की क्वांटाइझ तुझं बरोबर पडलेलं बोट उचलून चुकीच्या जागेला नेऊन चिकटवतं. असल्या गाण्यांना मी क्वांटाइझ बंद करतो आणि इन-आउट हातानंच मारतो, ज्यांना हे मागासलेलं वाटतं त्यांना वाटू दे.

एवढं सगळं विचारून झाल्यावरही कधीकधी दोष खरंच बटणात निघतो. गेल्या वर्षी विसर्जनानंतर एकानं कंट्रोलर आणला, शिकला होता त्याच घराण्यावर, सॉफ्टवेअर तेच, गाणी क्लबची, तरी रीलूप एका दाबण्यात दोनदा लागत होतं. कोणताही स्विच दाबला की आतला पत्रा काही मिलिसेकंद थरथरतो, आणि मशीन तेवढा वेळ मुद्दाम कानाडोळा करतं म्हणून एकच दाब मोजला जातो. स्विच खराब झाला की थरथर लांबते आणि एकाचे दोन होतात. मी तळाचे स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं. क्यू, प्ले आणि लूपच्या कळांखाली गुलाबी चिखल होता, गुलाल, पावसाचं पाणी आणि घाम यांचा मिळून, वाळून पापडी झालेला, आणि आतल्या सर्किट बोर्डवर त्याच्या बोटांच्या जागा बरोबर उमटलेल्या. सगळ्यात जाड थर रीलूपखाली. ब्रशनं झाडला, स्पिरिटनं पुसला, पाच स्विच बदलले. पोरगं टेबलावर सांडलेल्या गुलालाकडं बघत होतं, म्हणालं, "दादा, हा गेल्या वर्षीचा नाही ओ, त्याच्या आधीच्या वर्षीचा आहे, तेव्हा आम्ही गडद रंग आणलेला."