रक्ताचा थेंब चमकला म्हणजे कॅन्सर? नाही हो!
रक्तात एक पावडर टाकायची आणि चमकलं की कॅन्सर, असलं काहीतरी कधीपासून फिरतंय. अर्धवट आहे ते. ती पावडर म्हणजे एमओएफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क), धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू जोडून बनलेली सच्छिद्र जाळी, ती स्वतः कॅन्सरबिन्सर काही ओळखत नाही, तिच्यावर बसवलेली अँटीबॉडी किंवा डीएनएचा तुकडा पीएसए, सीईए असल्या एखाद्या मार्करला (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनाला) धरतो आणि मग चमक बदलते, कधी वाढते तर कधी चक्क विझते! बरं, पीएसए प्रोस्टेटच्या साध्या सुजेतही वाढतं, सीईए सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये जास्त असू शकतं. म्हणजे या पावडरीच्या सेन्सरने आकडा अगदी अचूक दिला तरी ते निदान नव्हे, त्याला सहसा बायॉप्सी लागतेच. शिवाय रक्तातलं फॉस्फेट काही एमओएफची जाळीच मोडतं, त्यामुळे बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या साध्या द्रावणात, झकास चाललेला सेन्सर खऱ्या रक्तात गडबडू शकतो.