छेडछाड (रस्त्यावरील)

सार्वजनिक ठिकाणी, म्हणजे रस्ता, बसथांबा, वाहन, बाजार, बाग, यात्रा किंवा मिरवणूक अशा जागी, अनोळखी अथवा तोंडओळखीच्या पुरुषाने स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध बोलण्याने, नजरेने, खुणेने, स्पर्शाने किंवा पाठलाग करून दिलेला त्रास. कामाच्या ठिकाणचा छळ आणि कौटुंबिक हिंसाचार यांसाठी स्वतंत्र कायदे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. उदाहरणे मुख्यतः कोल्हापूर शहर व आसपासच्या तालुक्यांतील आहेत.

‘छेडछाड’ हा शब्द मराठीत हिंदीतून आला असावा, याबद्दल फारसा मतभेद नाही. वाद आहे तो त्यातल्या ‘छेड’बद्दल. ती संस्कृत ‘छिद्’ (कापणे) या धातूपासून आली, असे एक मत मांडले जाते. पण अर्थाचा सांधा नीट बसत नाही. तार छेडणे, विषय छेडणे, आंदोलन छेडणे या मराठी प्रयोगांत कापण्याचा भाव कुठेच नाही. स्वस्थ असलेल्या गोष्टीला बोट लावून जागे करण्याचा आहे. त्यामुळे हिंदीतील ‘छेडना’ या क्रियापदाशी थेट नाते जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘छाड’ हा भाग बहुधा नादासाठी जोडलेला आहे. मराठीने मात्र या शब्दाला आपले क्रियापद दिले : छेड ‘काढणे’. खोडी काढणे, कुरापत काढणे, कळ काढणे या पंगतीत तो जाऊन बसला आणि तिथला हलकेपणाही त्याला चिकटला. खोडी लहान मूल काढते. तिच्यावर रागवायचे असते, खटला भरायचा नसतो.

वर्तमानपत्री मराठीने या पंगतीत आणखी भर घातली. ‘सडकसख्याहरी’ हा जुना शब्द आणि ‘रोडरोमिओ’ हा त्याचा नवा जोडीदार, दोन्ही त्रास देणाऱ्याला प्रियकराचे नाव देतात. पहिल्यात गोकुळातला कृष्ण आहे, दुसऱ्यात इटलीतला रोमिओ. या संदर्भात तमाशातील गौळणीचा उल्लेख हमखास केला जातो. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात. छेडछाडीचे मूळ तिथे आहे, असे काही अभ्यासक सुचवतात. हे मत सावधपणे घ्यावे. गौळणीत गवळणींबरोबरची मावशी तोंडाने कमी पडत नाही, आणि प्रेक्षक हसतात ते बहुतेक तिच्या उत्तरांना. रस्त्यावर उत्तर देणारीला मावशीचे ते स्थान मिळत नाही. भारतीय इंग्रजीत साधारणतः १९६० च्या सुमारास रुळलेला ‘ईव्ह-टीझिंग’ हा शब्दही याच जातीचा. त्यात आदिमाता ईव्ह आहे, म्हणजे मोहात पाडणारीही तीच. २००३ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या ‘ब्लँक नॉइज’ या रस्त्यावरील छळाविरुद्धच्या उपक्रमाने अशा सौम्य शब्दांविरुद्ध जाणीवपूर्वक भूमिका घेतली.

कायद्याचा शब्द निराळा : विनयभंग. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३५४ मधील मूळ इंग्रजी संकल्पना ‘मॉडेस्टी’ची. तिला मराठीत ‘विनय’ हा प्रतिशब्द मिळाला आणि गोंधळ सुरू झाला. संस्कृतात विनय म्हणजे शिस्त, शिक्षणाने आलेले वळण. ‘विद्या विनयेन शोभते’ हे सुभाषित शाळेच्या भिंतीवर असते ते याच अर्थाने. तो अर्थ धरला, तर अशा प्रसंगी विनय भंगतो तो त्रास देणाऱ्याचा. कायद्याच्या भाषेत मात्र भंग पावणारी वस्तू स्त्रीजवळ असते, आणि ती खरोखर होती का, भंगली का, याची चर्चा न्यायालयात होते. पंजाब सरकार विरुद्ध मेजर सिंग (१९६६) या खटल्यात पीडिता साडेसात महिन्यांची बालिका होती; इतक्या लहान मुलीला विनय असतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि बहुमताने असतो असे ठरले. रूपन देओल बजाज खटल्यात (१९९५) स्त्रीच्या सभ्यतेच्या भावनेला धक्का देण्याजोगे कृत्य, ही कसोटी लावली गेली. दोन्ही निकाल स्त्रियांच्या बाजूचे असले, तरी मोजमाप तिच्याच विनयाचे राहिले.

दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी दंड संहितेत दुरुस्ती झाली. ३५४ खालील शिक्षा किमान एक व कमाल पाच वर्षे झाली आणि गुन्हा अजामीनपात्र ठरला. लैंगिक छळ (३५४-अ) आणि पाठलाग (३५४-ड) ही कलमे नव्याने आली. शब्द किंवा हावभावाने होणाऱ्या अपमानाचे जुने कलम ५०९ कायम राहिले. त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमे अनुक्रमे ७४, ७५, ७८ आणि ७९ आहेत. लैंगिक शेरेबाजीला एक वर्षापर्यंत, नको असलेल्या शारीरिक स्पर्शाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र, पुन्हा दोषी ठरल्यास अजामीनपात्र. पीडित अठरा वर्षांखालील असल्यास २०१२ चा पॉक्सो (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) कायदा लागतो. ‘पाठलाग’ शब्दाचा अर्थ न्यायालये काटेकोर घेतात : एकदाच मागे जाणे म्हणजे या कलमाखालचा गुन्हा नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये म्हटले. रोज सकाळी थांब्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत मोटारसायकल हळू चालवत येणारा मात्र त्यात सहज बसतो, तिने नको असल्याचे स्पष्ट केले असेल तर. हे स्पष्ट करणे तिच्यावर येते, आणि म्हणूनच बोलण्याचा प्रश्न कायद्यातही आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एस. समुथिराम प्रकरणात (३० नोव्हेंबर २०१२) दिलेले निर्देश तुलनेने कमी माहीत आहेत. बसस्थानके, रेल्वे स्थानके, चित्रपटगृहे, बागा, प्रार्थनास्थळे येथे साध्या वेशातील महिला पोलीस नेमावेत. आणि बसमध्ये छेडछाड झाल्यास, पीडितेच्या सांगण्यावरून, चालक-वाहकाने गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावी. निर्देश कागदावर चोख आहेत. संध्याकाळच्या भरलेल्या एसटीत ही मागणी करायची तर आधी साठ माणसांचे ‘आम्हाला उशीर होतोय की’ ऐकून घ्यावे लागते.

कोल्हापूर संस्थानच्या इतिहासात या विषयाची पूर्वपीठिका शोधण्याची पद्धत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणाने वागवण्याविरुद्ध कायदा केला. या दुसऱ्या कायद्याला छेडछाडविरोधी कायद्याचा पूर्वज म्हटले जाते. ते ताणलेले वाटते. तो घरातील क्रौर्यासाठी होता, रस्त्यासाठी नव्हे. पहिल्या निर्णयाचा संबंध उलट अधिक जवळचा आहे, कारण मुली शिकू लागल्या आणि रस्त्यावर आल्या. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, कागल या बाजूंनी शिकायला येणाऱ्या मुलींची संख्या वाढत गेली.

शहराबाबतची एक रूढ समजूत येथे नोंदवली पाहिजे. कोल्हापूर-सांगली भागात स्त्रियाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी पुल्लिंगी क्रियापदे वापरतात. याचे स्पष्टीकरण कोणी कन्नडच्या सान्निध्यात शोधतात (कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही), तर कोणी इथल्या बायकांच्या रांगडेपणात. पहिले स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक आहे. पण लोकप्रिय दुसरेच झाले. त्याला कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या अश्वारूढ पुतळ्याची जोड मिळाली, आणि ‘कोल्हापूरच्या पोरीची कोण काढतंय छेड’ असे अभिमानाने म्हटले जाऊ लागले. या अभिमानाचा तोटा असा की, जिची काढली जाते तिला ती कबूल करणे जड जाते.

त्रासाच्या जागा शहरात सगळ्यांना पाठ आहेत. महाद्वार रोडची गर्दी, गणपती विसर्जनाची मिरवणूक, नवरात्रातला अंबाबाईच्या देवळाभोवतीचा लोंढा, रंकाळ्याची संध्याकाळ, राजारामपुरीतल्या क्लासच्या गल्ल्या, मध्यवर्ती बसस्थानक, केएमटीचे (शहर बससेवेचे) थांबे. प्रकारही ठरलेले : शिट्टी, गाण्याची ओळ, डोळा मारणे, जवळून गाडीचा कट मारणे, धक्का, गर्दीत हात, मोबाइलवर नकळत काढलेला फोटो.

बसचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळाल्यावर गाड्यांत बायका वाढल्या. बसण्याची रीत जुनीच राहिली. पाठीवरची सॅक गाडीत चढताना पोटाशी येते. बाकाच्या कडेला बसावे लागले तर शेजारच्याच्या आणि आपल्या मध्ये टिफिनची पिशवी उभी राहते. ओढणीची सेफ्टी पिन उघडून बोटांत धरलेली असते. ती वापरावी लागली नाही तर उतरताना परत ओढणीला लागते. उभे राहायचे झाले तर पाठ खांबाला. आणि कुठे एखादी वयस्क बाई बसलेली असली, तर ‘मावशी, इथं बसू काय?’ एवढेच विचारले जाते. मावशी काहीही न विचारता सरकते. तिला सांगावे लागत नाही.

स्त्रिया स्वतः ‘छेड’ हा शब्द क्वचितच वापरतात, ‘विनयभंग’ तर नाहीच. त्यांचा शब्द ‘त्रास’. ‘त्रास देतोय’, ‘मागं लागलाय’, ‘सारखं बघत बसतंय’. त्रासाला किती झाले याचे माप नसते, तो साचतो. पहिल्यांदा तो मैत्रिणीला सांगितला जातो आणि पाठोपाठ अट घातली जाते : ‘घरात बोलू नको हं, कॉलेज बंद करतील.’ गप्प राहण्याचे कारण म्हणून लाज आणि भीती यांचा उल्लेख नेहमी होतो, पण बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हा हिशेब अधिक खरा आहे. तक्रार केली तर त्याचा रस्ता बंद होईल की आपला, हे तिला आधीच ठाऊक असते. लांबचे कॉलेज सुटते, एसटीचा पास संपतो, स्थळे बघायला सुरुवात होते.

तोंडावर बोलण्याच्या रीती ठरावीक आहेत. सर्वांत सौम्य ‘दादा, जरा सरकून बसा’. यात नाते लावून अंतर मागितलेले असते. त्यापुढे ‘तुला आई-बहीण नाही काय?’ हे वाक्य गर्दीला पटकन कळते आणि म्हणून उपयोगी पडते. त्यावर टीकाही होते, कारण त्यात रस्त्यावरून जाण्याचा हक्क कोणाची तरी बहीण असण्यावर अवलंबून राहतो. ही टीका रास्त आहे, तरी बसमध्ये अडकलेलीकडून तत्त्वशुद्ध वाक्याची अपेक्षा करणे तितकेसे रास्त नाही. तिसरी रीत नुसती मोठ्याने ‘काय बघालास रे?’ असे विचारण्याची. ‘रे’ महत्त्वाचा. तो लागला की अहो-जाहोची गर्दी माना वळवते.

घरी कळल्यावर प्रकरण बहुधा पुरुषांत जाते. भाऊ, चुलतभाऊ, तालमीतली पोरे गाठून समज देतात. वर्तमानपत्रात ‘रोडरोमिओला चोप’ असा मथळा येतो. बातमीत चोप देणाऱ्यांची संख्या असते, मुलीचे म्हणणे नसते. पेठेपेठेत तालीम मंडळे असलेल्या शहरात हा मार्ग झटपट चालतो, आणि भांडण पुढे तिच्या नावाने पण तिच्याशिवाय चालू राहते.

पोलिसांकडे जाण्याचा मार्ग गेल्या दशकात थोडा सोपा झाला. २०१६ मध्ये कोल्हापूर परिक्षेत्रात निर्भया पथके सुरू झाली. कॉलेजांच्या आवारात व थांब्यांवर गस्त, टवाळखोरांना समज, पालकांना बोलावणे, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११०, ११७ खाली कारवाई, असे त्यांच्या कामाचे स्वरूप आहे. ११२, १०९१ आणि १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात असल्याने पुढील दादही आता शहरातच मागता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तक्त्यात लैंगिक छळाची ठिकाणे कार्यालय, सार्वजनिक वाहतूक, आश्रयगृह आणि ‘इतर’ अशी येतात. रस्ता ‘इतर’मध्ये आहे.

फिर्याद महिला पोलिसाने लिहून घ्यावी, अशी तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने आली आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण लिहिण्याची भाषा जुनीच आहे. मुलगी सांगते, ‘त्यानं हात लावला, मला लई राग आला.’ फिर्यादीत उतरते : ‘माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले.’ कलमाला लज्जेची गरज असते, रागाची नसते. ठाणे अंमलदाराला दोष देण्यासारखे त्यात फारसे काही नाही. शेवटी मजकूर तिला वाचून दाखवला जातो आणि तिची सही होते ती नेहमीच्या ओळीखाली : ‘माझी फिर्याद मला वाचून दाखविली, ती माझ्या सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’