लॉगिन न करता कन्सोलवर प्रोग्रॅम चालत नाही?

‘लिनक्सच्या व्हर्च्युअल कन्सोलवर (कीबोर्डने बदलता येणाऱ्या, मजकुराच्या पडद्यांपैकी एकावर) काहीही चालवायचं तर आधी लॉगिन करावंच लागतं,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

पडद्यावर ‘लॉगिन’ हा शब्द दिसतो, म्हणून तो कन्सोलचाच भाग वाटतो. प्रत्यक्षात तो छापणारा ‘गेटी’ हाही एक साधा प्रोग्रॅमच. त्याला इनिट, म्हणजे मशीन चालू होताना सर्वांत आधी सुरू होणारा प्रोग्रॅम, सुरू करतो, तेही कोणी लॉगिन करण्याआधी! मग गेटीच्या जागी दुसरं काही का नको? जुन्या पद्धतीत इनिटटॅब या इनिटच्या सूचनांच्या फाइलमध्ये आठव्या कन्सोलसाठी एक ओळ लिहून तिथे ‘टॉप’ हा चालू प्रोसेस आणि भार दाखवणारा प्रोग्रॅम चालवता येतो. सिस्टमडी या नव्या इनिटमध्ये त्यासाठी छोटी सर्व्हिस, म्हणजे काय चालवायचं ते सांगणारी फाइल, लिहायची. ऑल्ट आणि एफ८ दाबलं की मशीनवरचा भार समोर, पासवर्ड न विचारता.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती कळकळीने सांगावीशी वाटते. इनिटने सुरू केलेला प्रोग्रॅम, वेगळं सांगितलं नाही तर, रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, अधिकाराने चालतो. टॉपमध्ये ‘के’ दाबून कुठलीही प्रोसेस मारता येते. ‘लेस’ या फाइल वाचायच्या प्रोग्रॅममधून तर उद्गारचिन्ह देऊन थेट शेल, म्हणजे हवी ती आज्ञा देण्याची जागा, उघडतं. म्हणजे कीबोर्डपाशी बसलेला कोणीही रूट! म्हणून असा प्रोग्रॅम ‘नोबडी’सारख्या अधिकार नसलेल्या खात्यावरच चालवा.